कोब्रा रेकॉर्ड्स, शिकागो: तीन वर्षांत आटोपलेलं एक लेबल

नगरकर_गिटार

परवा लेड झेपेलिन ह्या इंग्लिश रॉक बँडच्या धाग्यावर कुणीतरी लिहिलं की त्यांच्या पहिल्या अल्बममधलं 'आय कान्ट क्विट यू बेबी' म्हणजे कळस, आणि मी तिथं प्रतिसाद लिहायला बसलो तर तो इतका वाढत गेला की म्हटलं तिथं कशाला घाण करा, वेगळा धागाच काढू. तर हे गाणं झेपेलिनचं नाही हे बऱ्याच जणांना माहीत असेल, विली डिक्सनचं आहे हेही अल्बमवर छापलेलं आहे. पण ते पहिल्यांदा कुणी गायलं, कुठं गायलं, आणि ज्या कंपनीनं काढलं तिचं पुढं काय झालं हे फार कुणी लिहीत नाही.

ओटिस रश, शिकागोचा ब्लूज गायक-गिटारवाला. साल १९५६. लेबलचं नाव कोब्रा, रेकॉर्डचा नंबर ५०००, म्हणजे त्या कंपनीची ही पहिलीच सिंगल. आणि पहिल्याच फटक्यात बिलबोर्डच्या आर अँड बी (ऱ्हिदम अँड ब्लूज) चार्टवर सहाव्या नंबरपर्यंत गेली. १९५९ ला कंपनी बंद. मधल्या तीन वर्षांत तीसेक सिंगल्स, शिवाय आर्टिस्टिक नावाच्या पिल्लू लेबलवर मूठभर. संपलं.

कंपनी म्हणजे काय, तर ईलाय टोस्कानो नावाचा माणूस, ज्याचं शिकागोच्या वेस्ट साइडला रूझवेल्ट रोडवर रेकॉर्डचं दुकान होतं आणि तिथंच तो टीव्ही दुरुस्त करायचा. आधी त्यानं जो ब्राउनबरोबर अ‍ॅबको नावाचं लेबल काढून बघितलं, ते काही महिनेच चाललं, मग कोब्रा. दुकानाच्या मागं छोटासा स्टुडिओ. त्या वेळी शिकागोत चेस बंधूंची चेस कंपनी म्हणजे दादा, मडी वॉटर्स, हाउलिन वुल्फ, लिटल वॉल्टर, चक बेरी सगळे त्यांच्याकडं. दुसरीकडं व्ही-जे. ह्या दोन हत्तींच्या पायात टोस्कानोचं दुकान.

माझं म्हणणं एवढंच की ह्या दुकानातनं जे निघालं ते चेसमधनं निघालं नसतं. कारण नंतर लिहितो, आत्ता जेवायला हाक आलीय.

चहाबाज

नाव वाचून नागपंचमीचा धागा वाटला म्हणून उघडला, हे निघालं भलतंच. वाचतोय. वाखुसा (वाचनखूण साठवली).

सातारी_तडका

नगरकर भाऊ, एवढ्यावर सोडून जेवायला काय जाता. विली डिक्सन तर चेसचा माणूस ना? मग कोब्रात कसा?

नगरकर_गिटार

जेवण झालं. हां, तर सगळी गोष्ट तिथंच आहे.

डिक्सन चेसमध्ये सगळंच करायचा, बेस वाजवायचा, गाणी लिहायचा, वादक गोळा करायचा, सेशन चालवायचा. मडी वॉटर्सचं 'हूची कूची मॅन' त्याचंच. पण पैशावरून चेसशी त्याचे खटके उडायचे, आणि १९५६ ला तो वैतागून बाहेर पडला. टोस्कानोला नेमका असाच माणूस पाहिजे होता, कारण दुकान चालवणं वेगळं आणि गाण्याचं रेकॉर्डिंग उभं करणं वेगळं. डिक्सन आल्याबरोबर ह्या फुटकळ लेबलला अचानक शिकागोतला सगळ्यात हुशार निर्माता मिळाला. तो नुसता बेस घेऊन आला नाही, ओळखी घेऊन आला. हार्मोनिकावर बिग वॉल्टर हॉर्टन, पियानोवर लाफायेट लीक, ड्रम्सवर ओडी पेन, सॅक्सवर हॅरल्ड अ‍ॅशबी, जो पुढं ड्यूक एलिंग्टनच्या ऑर्केस्ट्रात गेला. हे असले लोक एका टीव्ही रिपेरवाल्याच्या मागच्या खोलीत.

आणि ओटिस रशही डिक्सननंच आणला. रश तेव्हा विशी-एकविशीतला, मिसिसिपीतल्या फिलाडेल्फिया गावाकडचा, वेस्ट साइडच्या क्लबात वाजवायचा. डिक्सनच्या सांगण्याप्रमाणं चेसला त्याच्यात रस नव्हता. रशचं तेव्हा एका बाईशी प्रकरण चालू होतं आणि पोराच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं, ते बघूनच त्याच्यासाठी हे गाणं लिहिलं असंही डिक्सननं नंतर सांगितलंय. मला हे पटतं, कारण गाणं सुरू होतं तेव्हा वाद्यांची प्रस्तावना वगैरे काही नाही, रशचा आवाजच आधी येतो, एक लांबच लांब हाक, आणि मग बाकीचे त्याला येऊन मिळतात. झेपेलिननं ते छान वाजवलंय पण ती हाक त्यांच्या गायकाला, प्लांटला, जमलेली नाही. हे माझं मत. दगड मारायचे असतील त्यांनी रांगेत यावं.

झेपेलिनभक्त_७१

पहिला दगड माझा. प्लांटचा आवाज तेव्हा वीस वर्षांच्या पोराचा होता हो.

नगरकर_गिटार

रशही फार मोठा नव्हता, साहेब.

तिहाई

गंमत म्हणून ह्या रशची कोब्रावरची गाणी शोधून ऐकली. मी तबला शिकलेला, ह्या संगीतात अडाणी. पण 'डबल ट्रबल' ऐकताना एक लक्षात आलं, हा माणूस गंधार कुठंच नीट लावत नाही, कोमल म्हणावा तर वर सरकतो, शुद्ध म्हणावा तर पोचत नाही, आणि तिथंच घुटमळत राहतो. दरबारीतल्या आंदोलित गंधाराची आठवण आली.

झेपेलिनभक्त_७१

आलं, दरबारी आलंच. ह्या साइटवर कुठलंही संगीत तीन प्रतिसादांत दरबारीला पोचतं.

तिहाई

अहो आठवण आली म्हणालो, तानसेन मिसिसिपीला गेला होता असं नाही म्हणालो :-)

नगरकर_गिटार

तिहाई, बरोबर जागा पकडलीत. आणि त्याचं एक साधं कारण हातातही आहे. रश डावखुरा. उजव्या हाताची गिटार उलटी धरायचा आणि तारा न बदलता, म्हणजे जाड तारा खाली आणि बारीक वर. आपण बारीक तार ताणताना ती वर ढकलतो, तो खाली ओढायचा. ओढण्यात ताकद जास्त लावता येते आणि ताबाही जास्त राहतो, त्यामुळं सूर हळूहळू, दमानं चढतो. अल्बर्ट किंग ह्या दुसऱ्या ब्लूज गिटारवाल्याचंही हेच. मी एकदा उलटी धरून प्रयत्न केला, बोटं सुजली, घरचे हसले.

'डबल ट्रबल' आणि 'ऑल युवर लव्ह' ही दोन्ही १९५८ ची, आणि ही दोन्ही गाणी डिक्सनची नाहीत, रशची स्वतःची आहेत. हे मुद्दाम लिहितोय. कोब्राचा विषय निघाला की सगळं श्रेय डिक्सनला जातं. पहिला हिट त्याचा, मान्य, पण नंतर त्यानं रशला दिलेली काही गाणी मला अगदीच कामचलाऊ वाटतात, पहिला हिट पुन्हा घडवायचा प्रयत्न कळतो. रशला स्वतःचं करू दिलं तेव्हा ह्या दोन निघाल्या. 'ऑल युवर लव्ह' म्हणे सेशनला जाताना गाडीत लिहिलं. मायनरमधलं गाणं, खाली थोडा लॅटिन झोक, मधेच एकदम शफलमध्ये, म्हणजे झुलत्या ठेक्यात, उडी मारतं आणि परत मूळ चालीवर येतं. त्या काळच्या शिकागोत असलं काही होत नव्हतं. दोन्हीच्या रेकॉर्डिंगला गिटारवर आयक टर्नर होता, तो तेव्हा सेंट लुइसहून आपला कंपू घेऊन आलेला.

पुढं 'ऑल युवर लव्ह' इंग्लंडच्या जॉन मेयॉलनं गिटारवर एरिक क्लॅप्टनला घेऊन १९६६ ला केलं, अल्बमची सुरुवातच त्यानं आहे. आणि टेक्ससच्या स्टीव्ही रे वॉन ह्या गिटारवाल्यानं आपल्या बँडचं नावच डबल ट्रबल ठेवलं.

सातारी_तडका

अरे हे वॉनचं माहीत नव्हतं! इतकी वर्षं मला वाटायचं नुसतंच स्टाइलमध्ये ठेवलेलं नाव आहे.

हिशेबनीस

संगीतातलं कळत नाही, पण एक प्रश्न छळतोय. पहिलीच रेकॉर्ड सहाव्या नंबरवर, म्हणजे हजारोंनी खपली असणार, मग तीन वर्षांत कंपनी बुडाली कशी? मालकानं पैसे खाल्ले का?

नगरकर_गिटार

टोस्कानोला जुगाराचा नाद होता असं डिक्सनसकट बऱ्याच लोकांनी सांगितलंय. वादकांना पैसे मिळत नव्हते ह्याबद्दल तर एकमत आहे.

हिशेबनीस

जुगार असेलही, पण मला वाटतं जुगार नसता तरी फार काळ तगली नसती. बघा, रेकॉर्ड छापणारा कारखाना पैसे आधी मागतो किंवा थोड्या दिवसांची उधारी देतो. माल जातो वितरकाकडं, तो देणार सावकाश, आणि न खपलेला माल परत पाठवायची मुभा त्याला. आता गाणं चाललं की वितरक म्हणतो आणखी पाठवा, म्हणजे पहिल्या मालाचे पैसे आलेले नसताना दुसरा माल छापायचा. छोट्या माणसाचं हिट गाणं म्हणजे जास्त कर्ज. आपल्याकडं दिवाळी अंक काढणाऱ्यांना विचारा, अंक गाजला त्याच वर्षी संपादक कसा खड्ड्यात जातो, परतीचे गठ्ठे जानेवारीत येतात आणि छापखान्याचं बिल नोव्हेंबरातच दारात उभं.

आणि वितरक त्यालाच आधी पैसे देतो ज्याच्याकडं पुढच्या महिन्यात दुसरं हिट गाणं असणार आहे. चेसकडं असणार हे नक्की. कोब्राकडं? कोण जाणे. मग कोब्राचं बिल फायलीत खाली.

नगरकर_गिटार

हिशेबनीस काका, दंडवत. हे मी आजवर कुठल्याही ब्लूजवाल्याच्या लेखात इतकं सरळ वाचलं नव्हतं. आणि तुमचं गणित बसतंय, कारण पहिल्या हिटच्या जवळपास जाणारं दुसरं गाणं कोब्राला मिळालंच नाही. रशची आठ सिंगल्स निघाली, पहिलीच सगळ्यात जास्त चालली.

शिकागोची_सून

आत्ता बघितला धागा! मी शिकागोच्या उपनगरात राहते, नवऱ्याला ह्या संगीताचं वेड, त्यामुळं मला ऐच्छिक नव्हे तर सक्तीचं शिक्षण झालेलं आहे. रूझवेल्ट रोडवरून आम्ही बरेचदा जातो. डग्लस पार्कच्या आसपासचा तो भाग. मार्टिन ल्यूथर किंग गेले तेव्हा १९६८ च्या एप्रिलमध्ये वेस्ट साइडला जी जाळपोळ झाली त्यात तिथली दुकानंच्या दुकानं गेली, आणि अनेक जागा अजून रिकाम्या आहेत, नुसतं गवत. चेसची साउथ मिशिगन अ‍ॅव्हेन्यूवरची इमारत नीट जपलीय, आत जाऊन बघता येते. कोब्राच्या वाट्याला असं काही नाही.

एक सांगायचं होतं, वेस्ट साइड आणि साउथ साइड हा फरक इथले जुने लोक फार मानतात. साउथ साइडला आधी आलेले, जरा स्थिरावलेले लोक. वेस्ट साइडच्या लॉनडेल वगैरे भागात पन्नाशीच्या दशकात नव्यानं आलेले, त्यातले पुष्कळ मिसिसिपीहून इलिनॉय सेंट्रलच्या गाडीनं. क्लब लहान, पैसे कमी.

नगरकर_गिटार

शिकागोताई, हेच मला लिहायचं होतं, तुम्ही जास्त चांगलं लिहिलंत. लहान क्लब म्हणजे लहान बँड. मडी वॉटर्सच्या बँडमध्ये हार्मोनिका, दोन गिटार, पियानो, सगळे एकमेकांत गुंतलेले. वेस्ट साइडच्या पोरांना एवढी माणसं परवडत नव्हती, गिटार, बेस, ड्रम्स, झालं. मग गिटारनंच सगळं बोलायचं, गाणाऱ्यानंच मधल्या जागा भरायच्या. त्यात ती पिढी बी. बी. किंगवर वाढलेली, गावाकडच्या डेल्टा ब्लूजपेक्षा त्याच्याकडं जास्त कान. ह्याला पुढं वेस्ट साइड साउंड म्हणायला लागले. मॅजिक सॅम त्यातला अव्वल.

सॅमचं नाव सॅम्युअल मॅघेट. चेसनं त्याला नाकारलं होतं. मग १९५७ ला कोब्रावर त्याचं 'ऑल युवर लव्ह' आलं (रशचं त्याच नावाचं गाणं वेगळं, घोटाळा करू नका, मी वर्षभर करत होतो). गिटारवर थरथरणारा ट्रेमोलो आणि वर त्याचा तो पातळ, उंच आवाज. मॅजिक हे नाव त्याच्या बेस वाजवणाऱ्या मित्रानं सुचवलं, मॅघेट सॅमचंच पटकन म्हटलेलं रूप.

त्याचं पुढचं ऐकवत नाही. १९५९ ला सैन्यात बोलावलं, तिथून पळाला, पकडला गेला, तुरुंगात सहा महिने. बाहेर आला तर कोब्रा बंद. मग कितीतरी वर्षं आज इथं उद्या तिथं. १९६७ ला डेलमार्क लेबलसाठी त्यानं 'वेस्ट साइड सोल' रेकॉर्ड केला, १९६९ च्या ऑगस्टमध्ये अ‍ॅन आर्बरच्या महोत्सवात त्यानं लोकांना वेड लावलं, आणि त्याच वर्षी १ डिसेंबरला हार्ट अटॅक. वय ३२.

चहाबाज

बाप रे. ३२.

वांद्रेकर

बडी गायचं नाव अजून कुणीच कसं घेतलं नाही? मी त्याला २०११ ला आपल्या मेहबूब स्टुडिओत ऐकलंय, महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हलचं पहिलं वर्ष. चौऱ्याहत्तर वय आणि स्टेजवरची दादागिरी पंचविशीतली. तोही ह्या कोब्राचाच ना?

नगरकर_गिटार

नशीबवान आहात. हो, पण कोब्राच्या मुख्य लेबलवर नाही, आर्टिस्टिकवर. बडी गाय लुइझियानाच्या लेट्सवर्थ गावचा, १९५७ च्या सप्टेंबरमध्ये शिकागोत उतरला. खिशात काही नाही, ओळखीचं कुणी नाही. पुढच्या वर्षी ब्लू फ्लेम क्लबमध्ये गिटारची जुगलबंदी झाली, समोर ओटिस रश आणि मॅजिक सॅम, आणि ती ह्यानं मारली, त्यातनं कोब्राशी करार झाला असं सांगितलं जातं. आर्टिस्टिकवर त्याच्या दोन सिंगल्स निघाल्या. 'धिस इज द एंड' मध्ये तो इतका जीव तोडून ओरडतो की वाटतं ह्याला कुणीतरी सांगितलंय आज गायलास तरच पगार. पगार काही मिळाला नसावाच म्हणा.

आता गंमत बघा. कोब्रा बुडाल्यावर डिक्सन परत चेसकडं गेला. आणि जाताना रश आणि बडी गाय दोघांना घेऊन गेला. म्हणजे ज्या पोरांना चेसनं दारात उभं केलं नव्हतं ती आता आयती मिळाली. पण चेसला त्यांचं काय करायचं ते कळलंच नाही. रशचं १९६० ला 'सो मेनी रोड्स, सो मेनी ट्रेन्स' आलं, माझ्या मते त्याचं सगळ्यात भारी गाणं, आणि मग शांतता. नंतर ड्यूक लेबलनं करारात अडकवला आणि १९६२ ला 'होमवर्क' ही एकच सिंगल काढली. १९७१ ला केलेला अख्खा अल्बम कॅपिटॉल कंपनीनं डब्यात ठेवला, तो १९७६ ला दुसऱ्याच छोट्या लेबलनं बाहेर काढला, त्याचं नाव 'राइट प्लेस, राँग टाइम'. ह्याहून नेमकं नाव त्याच्या आयुष्याला कुणी देऊ शकलं नसतं. ग्रॅमी मिळालं ते १९९९ ला, त्यानंतर काही वर्षांत पक्षाघात, २०१८ ला गेला. आणि बडी गाय? चेसमध्ये दुसऱ्यांच्या मागं गिटार वाजवत राहिला आणि पोटासाठी दिवसा टो ट्रक चालवायचा, १९६७ पर्यंत.

वांद्रेकर

टो ट्रक!! आमच्या समोर तो पोल्का डॉटचा शर्ट घालून उभा होता तेव्हा हे माहीत असतं तर आणखी दोन शिट्ट्या मारल्या असत्या.

शिकागोची_सून

तो अजूनही जानेवारीत इथल्या त्याच्या स्वतःच्या लेजेंड्स क्लबमध्ये वाजवतो, बाहेर गारठा आणि आत मुंगी शिरायला जागा नाही. ज्यांना यायचं असेल त्यांनी कळवा, पिठलं-भाकरी मिळेल, तिकिटं तुमची तुम्ही काढा.

सातारी_तडका

धागा ऱ्हिदम अँड ब्लूज लेबलचा आणि तुम्ही नुसते गिटारवाले सांगताय. बाकी कोण होतं?

नगरकर_गिटार

टोमणा रास्त आहे. टोस्कानोला ब्लूजचं मंदिर बांधायचं नव्हतं, खपेल ते हवं होतं, त्यामुळं तिथं डू-वॉप (मिळून सुरात गाणारे) गटही आहेत, रॉक अँड रोलच्या नादातली गाणीही. हॅरल्ड बराज म्हणून पियानोवाला गायक होता, खास शिकागो आर अँड बी, मस्त मिजासखोर आवाज, पुढं १९६५ ला त्याचं 'गॉट टू फाइंड अ वे' चाललं आणि पुढच्याच वर्षी तो गेला. ओटिस क्ले, टायरोन डेव्हिस ही सोलमधली पोरं त्याच्या हाताखाली तयार झाली. बेटी एव्हरेटची सुरुवात इथलीच, १९६४ ला व्ही-जेवर 'द शूप शूप साँग' करून ती देशभर गाजली. गिटार शॉर्टीची पहिली रेकॉर्डही कोब्राची. म्हणजे कोब्रानं माणसं शोधायची आणि पीक दुसऱ्यानं कापायचं.

हिशेबनीस

आणि मालकाचं काय झालं शेवटी?

नगरकर_गिटार

टोस्कानोबद्दल वर्षानुवर्षं एक दंतकथा चालू होती की जुगाराच्या उधारीपायी गुंडांनी मारून पाण्यात टाकला, म्हणून कंपनी बंद. ब्लूजच्या पुस्तकातनं ही बिनधास्त छापली जायची. प्रत्यक्षात कोब्रा संपली १९५९ ला आणि हा माणूस बोटीच्या अपघातात बुडून मेला १९६७ ला. मधली आठ वर्षं जिवंत होता. पण शिकागो म्हटल्यावर लोकांना गुंड लागतातच.

मी त्याला व्हिलन करणार नाही. पैसे बुडवले, वाईटच केलं. पण पोरांना स्टुडिओत सोडून त्यांना काय वाजवायचंय ते वाजवू देणारा त्या गावात दुसरा कोण होता?

झेपेलिनभक्त_७१

इथं मात्र असहमत. 'वाजवू दिलं' हे उपकार म्हणून सांगू नका. पैसे द्यायचे नसले की स्वातंत्र्य द्यायला काय जातंय. रशनं पुढची चाळीस वर्षं जी कटुता बाळगली ती इथूनच सुरू झाली.

नगरकर_गिटार

कटुता चेस आणि ड्यूकबद्दलही तेवढीच होती, त्यांच्याकडं पैसे असूनही. पण तुमचा मुद्दा खोडता येत नाही. मी रेकॉर्ड ऐकणारा आहे, मला फुकटात उदार व्हायला काय जातंय.

तिहाई

ऐकायचं कुठून? जुन्या रेकॉर्ड काही मिळणार नाहीत.

नगरकर_गिटार

१९७० च्या आसपास इंग्लंडच्या ब्लू होरायझन लेबलनं रश आणि सॅमची कोब्राची गाणी एलपीवर काढली. १९९३ ला कॅप्रिकॉर्ननं 'द कोब्रा रेकॉर्ड्स स्टोरी' नावाचा दोन सीडींचा संच काढला. मला तो काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमध्ये मिळाला होता, ते दुकानही आता राहिलं नाही. आता सगळं स्ट्रीमिंगवर आहे, फक्त रशच्या गाण्यांची नंतरची व्हर्जन्स ढिगानं असतात, १९५६ ते ५८ ची बघून घ्या. हेडफोन लावून, आणि पहिल्यांदा 'माय लव्ह विल नेव्हर डाय' ऐका. ते डिक्सनचंच आहे, आणि मी वर कामचलाऊ म्हणालो त्यात ते धरू नका.

चहाबाज

ऐकलं. ऑफिसात ऐकायला नको होतं. मॅजिक सॅमवर वेगळा धागा पाहिजे.

नगरकर_गिटार

काढतो, पण पुढच्या महिन्यात. आणि झेपेलिनभक्तांनी तोवर रशचं मूळ 'कान्ट क्विट यू' तीनदा ऐकून यायचं आहे.

झेपेलिनभक्त_७१

दोनदा ऐकलं. हाकेबद्दल तुमचं म्हणणं मान्य. झेपेलिनचा गिटारवाला पेज, त्याच्या सोलोबद्दल भांडण अजून बाकी आहे.